सेल्सचा एक पत्ता, पाच माणसं आणि अकरा दिवस न दिसलेली इन्क्वायरी

भोसरी एमआयडीसीत सीएनसीवर टर्निंगचे पार्ट करणारा एक कारखाना आहे, माणसं चाळीसेक, त्यातली कॉम्प्युटरवर बसणारी चौदा, आणि त्यांचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं) आणि डव्हकॉट (पेटीतली मेल लोकांना दाखवणारं), डोमेन स्वतःचं, सर्व्हर भाड्याचा. नाव सांगत नाही, गरजही नाही, कारण हे प्रकरण निम्म्या ऑफिसांत असंच घडत असणार.

एका बुधवारी दुपारी कोटेशन करणाऱ्या ताईंचा फोन आला. "सर, एका पार्टीने अकरा दिवसांपूर्वी इन्क्वायरी पाठवलीय म्हणे, ड्रॉइंगसकट. आमच्यापैकी कोणीच बघितली नाही. आता ते म्हणतात ऑर्डर दुसरीकडे दिली. सर्व्हर मेल खातो का हो?" त्या रडवेल्या झाल्या होत्या, कारण साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांनाच विचारलं होतं.

आता 'सेल्स' या पत्त्याची तेव्हाची स्थिती सांगतो. तो पत्ता म्हणजे एक साधं मेल खातं, एक पासवर्ड, आणि तो पासवर्ड पाच जणांकडे: सेल्सचे दोघं, कोटेशनच्या ताई, डिस्पॅचचा दादा आणि स्वतः साहेब. स्टोअरच्या भिंतीवर कॅलेंडरच्या मागे तो पेनाने लिहिलेलाही होता. मी हा सर्व्हर हातात घेतला तेव्हापासून हे असंच होतं आणि चाललंय तर चालू दे म्हणून मी हात लावला नाही, ही माझी चूक.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. इन्क्वायरी रात्री साडेअकराला आलेली, पोस्टफिक्सने घेतलेली, पेटीत टाकलेली, सगळं व्यवस्थित. सर्व्हरने मेल खाल्ली नव्हती. मग डव्हकॉटच्या लॉगमध्ये त्याच खात्याच्या नोंदी बघत गेलो तर सकाळी सात बावन्नला एक पॉप३ लॉगिन (मेल मशीनवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत), आणि त्याच्या शेवटच्या ओळीत 'रेटर ३' आणि 'डेल ३/३'. म्हणजे तीन मेल उतरवल्या आणि तिन्ही सर्व्हरवरून पुसल्या. कुठल्या मशीनवरून? डिस्पॅचच्या. पहिल्या शिफ्टचा दादा आल्या आल्या पीसी चालू करतो, जुनं आउटलुक आपोआप उघडतं, रात्रभरात आलेलं सगळं स्वतःकडे ओढून घेतं आणि सर्व्हरवर काही ठेवत नाही, कारण 'सर्व्हरवर कॉपी ठेवा' ही टिक नव्हती. दादाला डिस्पॅचच्या शेड्यूलशी काम, बाकीच्या मेलकडे तो बघायचा नाही आणि त्याने बघावं अशी अपेक्षाही कोणी ठेवली नव्हती. साडेनऊला ऑफिस भरायचं तेव्हा पेटी रिकामी.

पण बाकी सगळे आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून बघायची पद्धत) असताना हा एकच पॉप३वर का, हे विचारल्यावर खरी गोष्ट कळली. काही महिन्यांपूर्वी त्याच्या मशीनवर मेल जोडली जात नव्हती, एरर यायची, म्हणून बाहेरच्या कॉम्प्युटरवाल्याने "हे चालतंय बघा" म्हणत पॉप३ करून दिलं. आयमॅप का जोडलं जात नव्हतं तेही लॉगमध्ये होतं. डव्हकॉट एका युजरला एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) मुळात दहाच आयमॅप कनेक्शन देतं आणि थंडरबर्ड हे मेल बघायचं सॉफ्टवेअर एकटं पाचपर्यंत उघडून ठेवतं. अख्ख्या ऑफिसचा बाहेरचा आयपी एकच, खातंही एकच. दोन थंडरबर्ड नीट सुरू झाले की दहा भरले, तिसऱ्याला दार बंद. मोबाईल डेटावर तेच खातं चालायचं कारण तिथे आयपी वेगळा, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की पीसीतच काहीतरी बिघाड आहे. ती मर्यादा एका ओळीत वाढवता आली असती, मलाही कोणी फोन केला असता तर मी बहुतेक तेच केलं असतं आणि खरा रोग झाकला गेला असता. खरा रोग हा की पाच माणसं सर्व्हरला एकच माणूस म्हणून दिसत होती. कोणी वाचली, कोणी पुसली, कोणी उत्तर दिलं, सर्व्हरला सांगताच येत नव्हतं, आणि मला लॉगमधून जे सापडलं ते निव्वळ डिस्पॅचच्या पीसीचा आतला आयपी मी फायरवॉलमध्ये जुळवू शकलो म्हणून.

मग मी घाई केली. त्याच दिवशी 'सेल्स'चा पासवर्ड बदलला, म्हटलं आधी हे थांबवू. दहा मिनिटांत अख्ख्या ऑफिसची मेल बंद. पाच जणांचे पीसी आणि ऑफिसच्या वायफायवरचे फोन जुन्याच पासवर्डने दर थोड्या वेळाने दार ठोठावत होते, चुकीचा पासवर्ड टाकत राहणाऱ्याला अडवणाऱ्या फेलटूबॅनने ते हल्ला समजून आयपी ब्लॉक केला, आणि आयपी सगळ्यांचा एकच. ज्यांचा सेल्सशी संबंध नाही त्या अकाउंट्सचीही मेल बंद. ऑफिसचा आयपी अपवादात टाकल्यावर ते सुटलं, पण ज्या दिवशी लोक आधीच चिडलेले त्या दिवशी आणखी तासभर गेला. एका पासवर्डवर चालणारं खातं असलं की साधा पासवर्डही शांतपणे बदलता येत नाही, तिथे लोकांना आधी सांगून, फोनमधून खातं काढायला लावून, मगच हात घालायचा.

त्या आठवड्यात मी जो उपाय केला तो बहुतेक जण पहिला करतात, तो म्हणजे अलायस. 'सेल्स' ही पेटीच काढली आणि पत्ता पाचही जणांच्या स्वतःच्या पत्त्यांकडे वळवला. इथे नवीन करणाऱ्यांसाठी एक अडखळायची जागा सांगतो. बरेच जण ईटीसीमधल्या 'अलायसेस' फाइलमध्ये ओळ लिहून 'न्यूअलायसेस' चालवतात आणि तरी बाहेरून पाठवलेली मेल 'युजर अननोन इन व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल' म्हणून परत येते. ती फाइल पोस्टफिक्सचा लोकल डिलिव्हरीवाला भागच वाचतो. तुमचं डोमेन व्हर्च्युअल मेलबॉक्समध्ये असेल (म्हणजे पेट्या सर्व्हरच्या लिनक्स युजरांच्या नसून वेगळ्या यादीतल्या असतील) तर ओळ 'व्हर्च्युअल अलायस मॅप्स'च्या फाइलमध्ये लिहायची आणि 'पोस्टमॅप' चालवायचा. आमचं व्हर्च्युअलच होतं, तिथे टाकलं, चाललं.

दोन आठवडे बरे गेले. इन्क्वायरी प्रत्येकाला दिसायला लागली. मग दोन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट रेटची. एका जुन्या कस्टमरने एका बुशचा भाव विचारला. ताईंनी हिशोब करून ४६ रुपये नग कळवला. सेल्समधल्या एकाने त्याच दुपारी, मागच्या वर्षीचा भाव लक्षात ठेवून, ४२ कळवला. दोघांनी आपापल्या पत्त्यावरून उत्तर दिलं, दोघांची सेंट मेल आपापल्या पेटीत, एकमेकांना पत्ता नाही. कस्टमरने अर्थातच ४२ची मेल पुढे करून पीओ (खरेदीची ऑर्डर) काढली. इथे कोणाची चूक म्हणायची? दोघांनीही कामच केलं होतं. अलायसचा स्वभावच तो, पाच झेरॉक्स काढून पाच टेबलांवर ठेवल्यासारखा, एका टेबलावर शेरा मारला तर बाकीच्या चार झेरॉक्सवर तो उमटत नाही.

दुसरी गोष्ट साहेबांच्या जीमेलची. साहेब ऑफिसचं खातं फारसं उघडत नाहीत, सगळं जीमेलवर बघतात, म्हणून मी अलायसमध्ये त्यांचा जीमेलचाच पत्ता घातला होता. एका मोठ्या कस्टमरच्या परचेसवाल्याचा फोन आला की तुमचा सेल्सचा पत्ता बंद पडलाय, आम्हाला मेल परत आली. बंद काही नव्हता, ऑफिसमधल्या चौघांना ती मेल मिळाली होती. झालं असं की अलायसने मेल पुढे पाठवताना पाकिटावरचा (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो) पाठवणारा कस्टमरचाच राहतो, पण जीमेलच्या दारात ती घेऊन उभा असतो आमचा सर्व्हर. त्या कस्टमरच्या एसपीएफमध्ये, म्हणजे त्यांच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीत, आमचा आयपी कुठून असणार? एसपीएफ नापास, त्यांच्या मेलवर डीकेआयएमची (मेल खरंच त्यांची आहे हे दाखवणारी) सही नव्हती, आणि डीमार्कमध्ये (दोन्ही नापास झाल्यास काय करायचं ते सांगणाऱ्या नोंदीत) त्यांनी 'रिजेक्ट' लिहिलेलं. जीमेलने नकार दिला आणि तो नकार, पाकिटावर नाव कस्टमरचं म्हणून, थेट कस्टमरकडे गेला. आतल्या लोकांना काही कळलंच नाही, बाहेरच्याला मात्र वाटलं कारखाना बंद पडला की काय. पाकिटावरचं नाव बदलून पाठवायची सोय आहे, एसआरएस म्हणतात, पोस्टएसआरएसडी बसवलं की होते, पण त्याने एसपीएफ पास झालं तरी डीमार्क आतल्या 'फ्रॉम'शी जुळवून बघतं, म्हणून अशी मेल तरीही अडकते. शिवाय मला ग्रुपच्या पत्त्यात बाहेरचा पत्ताच नको झाला आणि आजही माझं मत तेच आहे: ऑफिसच्या ग्रुपमध्ये ऑफिसचेच पत्ते, ज्याला जीमेलच्या ॲपमध्ये बघायचंय त्याने तिथे ऑफिसचं खातं आयमॅपने जोडावं.

तेव्हा मी साहेबांसमोर बसलो आणि म्हटलं, "साहेब, मला सर्व्हरचं नंतर सांगा, आधी एवढं सांगा की सेल्सवर मेल आली तर उत्तर कोण देणार?" ते म्हणाले, "कोणीपण द्या हो, लवकर द्या म्हणजे झालं." यावर आमची तासभर चर्चा झाली, आणि या कामात सगळ्यात उपयोगी पडलेला तास तोच. कारण "कोणीपण" असेल तर सगळ्यांना एकमेकांचं काम दिसलंच पाहिजे. सुट्टीची नोटीस, कॅन्टीनचा निरोप, जिथे उत्तर द्यायचंच नाही किंवा ज्याचं त्याने द्यायचं, तिथे अलायस उत्तम आहे, त्यांच्या 'ऑल स्टाफ' पत्त्याला मी आजही अलायसच ठेवलाय. पण ज्या पत्त्यावरून कंपनी म्हणून एकच उत्तर जायला हवं तिथे पेटी एकच हवी, आणि त्या पेटीच्या किल्ल्या मात्र वेगवेगळ्या. सेल्स, इन्फो, सपोर्ट ही नावं काही आपण काढलेली नाहीत, १९९७च्या आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या नियमपत्रिकेत अशा कामाच्या पत्त्यांची यादीच आहे, आणि त्यातली मूळ कल्पना हीच की पत्ता कामाचा असतो, माणसाचा नसतो.

भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे एक पूर्ण गुरुवार मोकळ्या ऑफिसात बसून केलं. 'सेल्स' ही पेटी परत बनवली, पण तिला असा लांबलचक पासवर्ड दिला जो कोणालाच सांगितलेला नाही. त्या खात्याने कोणीही लॉगिन करत नाही. प्रत्येक जण स्वतःच्या खात्याने येतो आणि त्याला डाव्या बाजूला 'शेअर्ड' खाली सेल्सची पेटी दिसते. डव्हकॉटमध्ये त्यासाठी शेअर्ड प्रकारची नेमस्पेस (फोल्डरांचा वेगळा गट), एसीएल (कोणाला काय हक्क ती यादी) आणि आयमॅप-एसीएल ही दोन प्लगिन, आणि कोणी कोणाला काय दाखवलंय याची नोंद ठेवणारा शेअर्ड डिक्ट एवढं लागतं. हा डिक्ट महत्त्वाचा. मी आधी पेटीच्या फोल्डरमध्ये हाताने एसीएलची फाइल लिहिली, हक्क बरोबर होते पण थंडरबर्डच्या यादीत फोल्डर येईनाच. हाताने लिहिलेलं त्या डिक्टला कळत नाही. तेच 'डव्हअॅडम एसीएल सेट' कमांडने दिलं आणि फोल्डर लगेच दिसले. आणखी एक, इनबॉक्सला दिलेले हक्क सेंटला आपोआप लागत नाहीत, तिथे वेगळे द्यावे लागतात.

हक्क देताना मी पाचही जणांना बघणं, वाचणं, खुणा करणं दिलं, पुसणं दिलं नाही. यावर सेल्सवाल्यांची कुरकुर होती, कारण आयमॅपमध्ये मेल हलवणं म्हणजे दुसरीकडे कॉपी करून मूळ जागेवरून पुसणं, त्यामुळे 'झालेल्या' मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ओढता येत नाहीत. मी ठाम राहिलो. सात बावन्नची गोष्ट परत नको होती. साफसफाई महिन्यातून एकदा ताई सांगतील तशी मी करतो.

मग वाचलेल्या मेलचा प्रश्न. एकाने मेल उघडली की सगळ्यांकडे ती ठळक दिसायची थांबते आणि बाकीचे समजतात की तो बघतोय. वाचणं वेगळं, अंगावर घेणं वेगळं. डव्हकॉटमध्ये नेमस्पेसच्या लोकेशनला प्रत्येकाचा स्वतंत्र खासगी इंडेक्स जोडता येतो, मग 'वाचली' ही खूण ज्याची त्याची राहते आणि 'उत्तर दिलं' हा बाण व टॅग मात्र सगळ्यांना सारखे दिसतात. मला नेमकं हेच हवं होतं. थंडरबर्डमध्ये मुळात पाच टॅग असतात, लाल, नारंगी, हिरवा, निळा, जांभळा, आणि कीबोर्डवर १ ते ५ दाबलं की लागतात. माणसंही पाचच. पाच मशीनवर फिरून टॅगची नावं बदलली, कारण टॅगची खूण सर्व्हरवर राहते पण तिचं नाव ज्या त्या मशीनवर, आणि ते एकाने बदललं म्हणून दुसऱ्याकडे बदलत नाही. ताई लाल, सेल्सचे नारंगी आणि हिरवा, दादा निळा, साहेब जांभळा. मेल हाती घेतली की आधी आपला आकडा दाबायचा, मग उत्तर लिहायला घ्यायचं.

आता पाठवण्याचं. उत्तर 'सेल्स' नावाने जायला हवं, पण लॉगिन आपापलं. पोस्टफिक्समध्ये 'सेंडर लॉगिन मॅप्स' नावाची फाइल असते, तिथे सेल्सच्या पत्त्यासमोर पाच जणांची लॉगिन लिहिली, आणि 'रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच' हा नियम चालू केला. तो आधी चालूच नव्हता, म्हणजे इतके दिवस आत लॉगिन केलेला कोणीही साहेबांच्या पत्त्यावरून मेल पाठवू शकत होता, हे बघून मला घाम फुटला. एक लक्षात ठेवायचं की हा नियम पाकिटावरचा पाठवणारा तपासतो, आतल्या कागदावर 'फ्रॉम'मध्ये काय लिहिलंय ते तपासत नाही. नियम चालू करण्याआधी लॉगमधून कोण कोणाच्या नावाने पाठवतंय याची यादी काढली, बरं झालं, अकाउंट्सचं सॉफ्टवेअर बिलं वेगळ्याच लॉगिनने पाठवत होतं, शुक्रवारी सकाळी ती सगळी अडकली असती.

सेंट मेलची कॉपी शेअर्ड सेंटमध्ये जावी ही शेवटची गाठ. थंडरबर्डमध्ये प्रत्येक ओळखीला (ज्या पत्त्याने पाठवायचं त्याला) सेंटचा फोल्डर निवडून देता येतो, पण ते पाच मशीनवर पाचदा, नवीन पीसी आला की परत, आणि फोनवरच्या ॲपचा भरवसा नाही. म्हणून सर्व्हरवरच केलं. 'सेंडर बीसीसी मॅप्स'ने सेल्सच्या नावाने जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक कॉपी सेल्सच्याच पण अधिक चिन्ह जोडलेल्या एका पत्त्यावर जाते, आणि सिव्हचा (आलेली मेल आपोआप फोल्डरात लावणाऱ्या सोयीचा) एक छोटा नियम त्या पत्त्यावर आलेली मेल सेंटमध्ये टाकतो. मशीनवरची कॉपी ठेवायची टिक काढून टाकली, नाहीतर दोन दोन दिसतात. आता कोणी घरून पाठवो की रस्त्यात राउंडक्यूबवरून (ब्राउझरमधल्या मेलवरून), भाव काय कळवला ते ताईंना तिथल्या तिथे दिसतं.

ज्यांचा सर्व्हर आमच्यासारखा नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये शेअर्ड मेलबॉक्स तयार मिळते, ५० जीबीपर्यंत तिला वेगळं लायसन्स लागत नाही, फक्त वापरणाऱ्या माणसांना आपापलं लागतं. पण तिथेही 'सेंड ॲज'ने पाठवलेली मेल सेट न केल्यास पाठवणाऱ्याच्याच सेंटमध्ये जाऊन बसते, ते सेटिंग आठवणीने चालू करायचं. आणि त्याऐवजी डिस्ट्रिब्युशन ग्रुप केलात तर तो मुळात बाहेरच्यांची मेल घेतच नाही, कस्टमरचा पत्ता असेल तर ते आधी उघडा. गूगलच्या ग्रुपमध्ये कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स आहे, त्यात मेल एखाद्याच्या नावावर लावता येते, आम्ही रंगांनी जे करतो तेच.

जुन्या मेल डिस्पॅचच्या पीसीवरच्या पीएसटीमध्ये (आउटलुकच्या मेल साठवायच्या फाइलमध्ये) अडकल्या होत्या. त्याच आउटलुकमध्ये सेल्सची पेटी मी तात्पुरती आयमॅपने जोडली आणि रात्रभर फोल्डर ओढत ठेवले. सकाळी ती हरवलेली इन्क्वायरीही पेटीत दिसली, ड्रॉइंगसकट. ताईंनी ती उघडून पूर्ण वाचली आणि साहेबांना सांगून त्या पार्टीला माफीची मेल पाठवली, सेल्सच्या पत्त्यावरून.

चार महिन्यांनी सेल्समधला नारंगीवाला मुलगा चाकणच्या एका कंपनीत लागला. आधी असता तर पासवर्ड बदला, पाच जणांना सांगा, परत ऑफिस बंद. यावेळी दोन ठिकाणी त्याचं लॉगिन काढायचं होतं, एसीएलमध्ये आणि सेंडर लॉगिन मॅपमध्ये, बाकी कोणाला कळलंही नसतं. पण त्याने मला शेवटच्या दिवशी पाच वाजता फोन केला, "दादा, एवढ्यात काढू नका, अर्धा तास द्या." तो त्याच्या नारंगी मेल एकेक उघडत होता, शेजारी हिरवावाला खुर्ची ओढून बसला होता, प्रत्येक मेलवर दोघं दोन मिनिटं बोलायचे आणि मग तो २ काढून ३ दाबायचा. एकवीस मेल होत्या. साडेसहाला त्याचा परत फोन आला, "झालं दादा, आता काढा."